तिसऱ्या हाकेचं घर

ये माय, अशी जवळ सरक. कागदावरून बोलवून राह्यले तरी सरक, कारण ही गोष्ट दुरून सांगण्यासारखी नाही. आणि आधी रागाचे दोन शब्द ऐकून घे. तू माझ्या सख्ख्या बहिणीची लेक. तुझं मुधोळ काही परमुलखात नाही, इकडं आदिलाबादच्याच पट्ट्यात आहे. पण दोन वर्षं झाली, तुझं पाऊल आमच्या फाटकाला लागलं नाही. फोन करतेस तोही भाजी फोडणीला टाकून. "मावशी, तुझ्या नातीच्या वेळी काय झालं होतं, जरा थोडक्यात सांग नं." थोडक्यात काय सांगू, कपाळ माझं? तिकडं तुझं तेल तडतडते अन् इकडं माझं तोंड उघडंच राहते.

आता तुझी पोट्टीही तीच परीक्षा देऊन, मुलाखत देऊन घरी येऊन बसली आहे म्हणे. म्हणजे तुझ्या घरात वाट पाहणं सुरू झालं. त्यानं घराचं काय होतं ते मी मागच्या उन्हाळ्यात पाहिलं, म्हणून सगळंच लिहिते. अक्षर वाकडं आहे. नातीच्याच पाटीवर शिकलेलं आहे, हसू नको.

आमची नात तेव्हा एकोणीस ओलांडत होती. फौजेत अफसर करतात त्या अकादमीत आता मुलींनाही घेतात, हे तिला निवासी शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं आणि त्या दिवसापासून पोरीचं चालणंच बदललं. रोज पहाटे गावापासून पैनगंगेच्या काठापर्यंत पळत जायची आणि परत. लेखी परीक्षा पास झाली. मग दूर कुठं पाच दिवसांच्या मुलाखतीला गेली. तिथं म्हणे भिंतीवरून उड्या मारायला लावतात आणि धुरकट चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायला लावतात. मी म्हटलं, "फौजेले गोष्टी कायले पाहिजेत वो?" ती म्हणे, "आजी, माणसाच्या पोटात काय हाये ते गोष्टीतून समजते." त्यानंतर फौजेच्या दवाखान्यात डोळे, दात, पाठ, कान सगळं तपासलं. कानात मळ निघाला म्हणून पुन्हा बोलावलं. तेही झालं.

मग यादी लागली. यादीत नाव होतं. आम्ही पेढे आणले, आणि पेढे संपल्यावर पोरीनं समजावून सांगितलं की यादीत नाव आलं म्हणजे बोलावणं आलं असं नाही. जागा थोड्या, नावं जास्त. वरच्यांना आधी बोलावतात. त्यातलं कोणी गेलं नाही तर खालच्याला. आमची पोर बरोबर त्या रेघेवर बसलेली. आणि पुढच्या खेपेला ती वयात बसत नव्हती. रोहिणी नक्षत्र संपायच्या आत बोलावणं आलं तर आलं, नाहीतर जन्मात नाही. एवढंच होतं सारं. पण एवढ्याशा गोष्टीनं चार माणसांचं घर कसं मुकं झालं ते तुला सांगते.

त्याआधी आमच्या घराची एक रीत सांगावी लागेल. तुला अर्धी माहीत असेल.

तुझ्या आईची आणि माझी एक थोरली बहीण होती. तुझी आई तिचं नाव काढत नसे. मी सात-आठ वर्षांची असेन. वैशाखातली भर दुपार, माणूस सोडा, कावळाही बाहेर नाही. थोरली ओसरीवर ज्वारी पाखडत होती. फाटकातून कोणी तिला हाक मारली. मीही ऐकली. बाईचा आवाज, ओळखीचा वाटावा पण ओळख पटू नये असा. थोरलीनं "ओ" दिली, सूप खाली ठेवलं आणि बाहेर गेली. आत आली तेव्हा म्हणाली, "कोणीच नाही वो तिथं. नुसतं ऊन उभं हाये." संध्याकाळी तिचं अंग तापलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती नव्हती.

ताप होता, आज कळतं. पण आमच्या आईनं त्या दिवसापासून घराला नेम घालून दिला. दुपारच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी आली तरच बोलायचं. "दुपारची दोनच हाका मारते," आई म्हणायची. "तिसरी तिले मारता येत नाही." तिला आम्ही नाव दिलं नव्हतं. नुसतं 'दुपारची' म्हणायचो.

तो नेम मी सासरी घेऊन आले. गाव हसलं, मग गावाला सवय झाली. दूधवाली फाटकाशी उभी राहून एका श्वासात "काकी-काकी-काकी" करते आणि वर म्हणते, "घ्या, तीन झाल्या, आता निघा बिळातून." चक्कीवाल्याचं पोरगंही तीनदा ओरडतं. माझ्या मुलानं तर मोबाइललाही तोच कायदा लावला. अनोळखी नंबर तिसऱ्यांदा आला तरच उचलायचा. नात चिडवायची, "आजी, फौजेत पहिल्या हाकेले उभं राहावं लागते. माझं कसं होईन?" मी म्हणायची, "तिथं तुह्या अफसरांच्या हाका. इथं माह्या आईचा नेम."

तर यादी लागली आणि वाट पाहणं सुरू झालं.

पहिल्यांदा भाकरी चुकली. आम्ही चौघं, मी, मुलगा, सून आणि नात. सून दुपारच्या टोपलीत भाकरी मोजून थापते, ती तिची सवय. एक दिवस बसलो तर एकीच्या वाटची नाही. सून म्हणाली, "हिशेबच चुकला बापा." दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चूक. नात हसली. "माय, मी अजून गेली नाही वो. हाये इथंच." कोणी हसलं नाही. सुनेनं खाली मान घालून आपली भाकर तिच्या ताटात ठेवली.

मग मी चुकले. सकाळी अंथरुणं काढताना पोरीची वाकळ घडी करून मी सरळ लोखंडी पेटीत घातली, वर डांबराची गोळी टाकली आणि कडी लावली. संध्याकाळी ती वाकळ शोधत होती तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. पेटीत आपण गेलेल्या माणसाची वाकळ ठेवतो, तुला माहीत आहे.

आणि ती वेणी. मुलाखतीला जाण्याआधी पोरीनं केस कापले होते. कापलेली वेणी सुनेनं फडक्यात गुंडाळून भिंतीतल्या देवळीत ठेवली होती. मला दिसायची. खरं सांगते, त्या दिवसांत कधीकधी खोलीत बसलेली आखूड केसांची पोर पाहुणी वाटायची, आणि देवळीतली ती आमची वाटायची.

रोहिणी लागायच्या आधीच्या आठवड्यात, सोमवारी, पहिली हाक आली.

मुलगा उन्हाळ्यात पहाटेच वावरात जातो आणि ऊन चढलं की तिथल्याच मांडवात पडून राहतो. घरी आम्ही तिघी. दाराला ओलं गोणपाट टांगलेलं, आत अंधार, जमिनीवर पाणी शिंपडलेलं. मी बाजेवर, नात माझ्या पायाशी, सून भिंतीला टेकून. बाराचा सुमार. एक आवाज आला. पोरीचं नाव. पण आडनाव आधी, मग तिचं, मग बापाचं, शाळेच्या हजेरीत घेतात तसं. गावात कोणी तिला असं बोलवत नाही.

नात अर्धी उठली. "आजी, कोणीतरी हाक मारून राह्यलं."

"गप. तिसरी येऊ दे."

दुसरी आली. तशीच, एकसुरी, जणू हाक मारणाऱ्याला आत कोणी आहे की नाही याच्याशी घेणंदेणं नाही. मग काही नाही. गोणपाटातून थेंब पडायचा आवाज तेवढा. बऱ्याच वेळानं सुनेनं पडदा सारून पाहिलं. रस्ता पांढरा पडलेला. पऱ्हाटीच्या ढिगाखाली झोपतं ते कुत्रंही जागेवर नव्हतं.

"कोणी नाही," सून म्हणाली. आणि मला आमची थोरली आठवली.

मंगळवारी तीच वेळ. मी जागीच होते, म्हणजे मला तसं वाटतं. पहिली हाक आली तशी मी पोरीचं मनगट धरलं. तिच्या नाडीचे ठोके माझ्या बोटांना लागत होते, पळून आल्यावर लागतात तसे. "आजी, खरंच कोणी असलं तर?" ती कुजबुजली. मी मान हलवली. दुसरी हाक आली. मी तिचं मनगट आणखी घट्ट धरलं. त्यानंतर सगळं निपचित झालं. नंतर पाहिलं तर तिच्या हातावर माझ्या बोटांचे चार वळ उमटले होते.

बुधवारी पुन्हा. दोन हाका. या वेळी आवाज जवळून आला, फाटकातून नव्हे, ओसरीवरून आल्यासारखा. सुनेनं तोंडात पदर कोंबला. पोर मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिला म्हटलं, "भेव वाटते?" ती म्हणाली, "भेव नाही वाटत. पण मी इथं हाये की नाही तेच समजून नाही राह्यलं."

गुरुवारी पहाटे ती पळून आली ती पांढरीफटक. रस्त्यात तिला शेजारची काकू भेटली होती. काकूनं तिला पाहून डोक्यावरची पाण्याची गुंडी सोडून दिली होती.

"अवं, तू हायस?" असं म्हणाली म्हणे.

"मंग कुठं जाईन, काकू?"

"नाही... गेली म्हणून ऐकलं होतं." आणि काकूनं तिच्या पायांकडे पाहिलं. लोक कशाला पायांकडे पाहतात, ते तुला सांगायला नको.

पुढं पारावरच्या म्हाताऱ्यांनी बोलणं थांबवलं, किराणावाल्यानं हातातलं माप तसंच धरून ठेवलं. सगळं गाव तिला परत आलेल्या माणसासारखं पाहत होतं आणि ती तर कुठं गेलीच नव्हती.

सून नळावर भांडायला गेली. "माह्या पोरीले जित्तेपणी काऊन मारून राह्यले तुमी?" तिथं काकूनं सगळं सांगितलं. ठाण्याचा शिपाई आला होता, फौजेत जाणाऱ्या पोरीची चौकशी करायला. ती इथं राहते का, वागणूक कशी, एवढंच लिहून न्यायचं होतं. कुत्रं अंगावर आलं म्हणून फाटकाबाहेरूनच त्यानं कागदावरचं नाव पुकारलं. "मंगळवारी जाताना आमच्या ओसरीवर पाणी प्यायला," काकू म्हणाली. "तोच म्हणे, घरून जवाब भेटला, पोरगी गेली."

सून घरी येऊन माझ्यासमोर उभी राहिली. नुसती पाहत राहिली.

मुलाला वावरातून बोलावलं. त्याच्या मोबाइलवर अनोळखी नंबरचे दोन फोन येऊन गेलेले. दोनच. त्यानं ते मला दाखवले नाहीत, पण मी पाहिले. तशाच उन्हात ऑटो करून आम्ही चौघं ठाण्यात गेलो. चौकशीत 'इथं राहत नाही' असा कागद वर गेला की बोलावणं आलं तरी न आल्यासारखंच, हे तिला आमच्या आधी कळलं होतं.

शिपाई जवान पोरगा होता, तेलुगू बोलणारा, आमच्याशी हिंदीत बोलला. पोरीला पाहून तो खुर्चीतून उठला.

"ये? ये तो यहीं खड़ी है!"

"यहीं रहती साहब," मुलगा म्हणाला. "कहाँ जाती?"

"मैं सोमवार को आया, दो दफा आवाज दिया. कोई नहीं बोला. फोन किया दो बार, नहीं उठाया." मुलानं जमिनीकडे पाहिलं. "मंगलवार को फिर आया. फिर दो आवाज दिया. तब अंदर से जवाब आया."

मला राहवलं नाही. "काय जवाब आला?" मी विचारलं.

शिपायाचा चेहरा बदलला. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "गेली ती."

माय, कसं सांगू? मराठी त्याला समजत होती, पण बोलता येत नव्हती. पण ते दोन शब्द त्यानं जसेच्या तसे काढले. 'गे' लांबवलेला, 'ती' वर श्वास सोडलेला, मी सोडते तसा. परक्या पोराच्या तोंडातून माझा आवाज निघाला.

"यही आवाज थी," तो म्हणाला. "ये अम्मा की."

"आजी बोलली नाही," नात म्हणाली. "मी तिच्याजवळच होती. तिनं माहा हात धरला होता."

"बुधवारी किती वाजता आले होते तुमी?" सुनेनं विचारलं. शिपाई म्हणाला, बुधवारी तो आलाच नव्हता, दिवसभर आदिलाबादला बंदोबस्तात होता. आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

आतल्या टेबलावर जमादार बसलेला, वयानं माझ्या मुलाएवढा. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो मराठी चांगली बोलला. "अम्मा, कागद लिहून झाला आहे. संध्याकाळच्या डाकेनं वर जाईल. मुलगी समोर आहे हे मला दिसतं. पण घरच्या बाईनं सांगितलं ती गेली, असं यात लिहिलं आहे. ज्या बाईनं सांगितलं तिनंच बयान फिरवायला पाहिजे. तुम्ही बोललात का?"

"मी नाही बोलले," मी म्हटलं.

"मग कोण बोललं? घरात आणखी कोण बाई असते? तिला आणा. तिचं बयान घेतो."

मी सुनेकडे पाहिलं. सुनेनं मान फिरवली. पोरीनं हाताची घडी घातली होती आणि बाहीखाली माझ्या बोटांचे वळ दिसत होते. आणखी कोण बाई असते आमच्या घरात? कोणाला आणू मी ठाण्यात? भर दुपारची कुठून शोधून आणू?

आणि त्या वेळी, त्या लाकडी बाकावर, मला ते आठवलं जे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मंगळवारी मनगट धरून बसले होते तेव्हा मी काय मागत होते ते. मी देवाला पोरीचं भलं मागत नव्हते. तिसरी हाक येऊ नये, एवढंच मागत होते. दुपारचीनं मारू नये, कोणा माणसानंही मारू नये, फौजेनंही मारू नये. यादी विरून जावी, रोहिणी निघून जावी आणि ही अशीच माझ्या पायाशी पडून राहावी. पेढे खाल्ले त्या दिवसापासून मी हेच मागत होते. भाकरी सुनेची चुकत होती, पण सुनेला निदान ती चुकते हे कळत तरी होतं.

"मीच बोलले," मी म्हटलं.

नात म्हणाली, "आजी, नाही वो."

"तू गप. साहेब, मीच बोलले. उन्हानं माथं फिरलं होतं. लिवा तुमी."

जमादारानं कोरा कागद पुढं सरकवला. "तुम्हीच लिहा अम्मा, येतं तर. मुलगी घरीच राहते. बोलावणं आलं तर जायला तयार आहे. घरच्यांची हरकत नाही."

मी लिहिलं. पहिल्या दोन ओळी सरळ आल्या. 'हरकत नाही' लिहिताना हात असा जड झाला की पोरीनं कागद धरून ठेवला. ती लहान असताना पाटी धरायची तशी. शिपायानं जुना कागद फाडला, नवा लिहिला, शिक्का मारला. बाहेर आलो तेव्हा मुलानं सगळ्यांना उसाचा रस पाजला. घरी परतताना पोर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

दोन दिवसांनी पीठ मळता मळता सून म्हणाली, "आत्याबाई, मंगळवारी तुमचे ओठ हलून राह्यले होते. मले वाटलं देवाचं नाव घेता."

"आवाज निघाला होता?"

"मले तरी नाही आला." पिठाचा गोळा उलटा करून ती म्हणाली, "मी तीन हात दूर होती. तो फाटकाबाहेर होता."



रोहिणीचे शेवटचे दिवस. एका दुपारी मुलगा घरीच होता, वखराची लोखंडी पास बदलायची होती म्हणून. बाराचा सुमार, गोणपाट ओलं, आम्ही चौघं आत. मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. मुलानं हातात घेतला आणि सवयीनं तसाच धरून ठेवला. तो वाजत राहिला. सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्याकडेच काऊन? नेम माझा होता.

माझ्या मनात आलं, ही पहिलीच आहे. वाजून वाजून थांबेल. मग कदाचित दुसरी येईल. तिसरी येणार नाही.

"उचल रे," मी म्हटलं. "काय पाहतोस? पहिल्याच घंटीले उचलायचा असते फौजेचा फोन."

त्यानं उचलला आणि घाबरून लगेच पोरीच्या हातात दिला. ती ताडकन उभी राहिली, आखूड केस विस्कटलेले, पायात चप्पल नाही. पलीकडचा माणूस बोलत होता. वरच्यांपैकी एक जण जात नव्हती. जागा रिकामी झाली होती. येणार का, एवढंच विचारत होता.

"येस सर," पोर म्हणाली. आणि पुन्हा, मोठ्यानं, "येस सर."

सून रडायला लागली आणि रडता रडताच चुलीशी गेली. त्या दुपारी तिनं सात भाकरी केल्या.

पोर गेली तो दिवस साधाच होता. हातावर दही दिलं. वाकळ घडी करून या वेळी मी तिच्या पिशवीत कोंबली. ती म्हणाली, तिथं चालत नाही. मी म्हटलं, रस्त्यानं तर चालते. निंबाच्या वळणावर ऑटो मंद झाला आणि तिनं मागं वाकून हाक मारली, "आजी!"

एकदाच. भर दुपार होती. माझ्या तोंडून "ओ" निघून गेली, तिचा शब्द पुरता संपायच्या आत. सून दचकली. साठ वर्षांत मी पहिल्या हाकेला बोलले नव्हते. ऑटो वळला, धूळ खाली बसली, आणि मला काही झालं नाही. ताप आला नाही, बाजाराचा दिवसही आला नि गेला.

वेणी अजून देवळीत आहे. पोरीचा रविवारी फोन येतो. आवाज जाड झाला आहे, जेवण बरं आहे म्हणते, पायाला फोड आले आणि बसले म्हणते.

आणि एक तुलाच सांगते, सुनेला सांगू नको. कधीकधी अजूनही येते हाक. उन्हाळ्यातच नाही, आता थंडीतही. बाराच्या सुमारास, फाटकाकडून, आडनाव आधी, मग तिचं, मग बापाचं. दोनदा. पूर्वी मी श्वास धरून बसायची. आता भाजी निवडता निवडता मीच मोठ्यानं सांगून टाकते, "गेली ती. आता खरंच गेली." मग सगळं शांत होते, आणि मला बरं वाटते.

तर तू भाकरी मोजून थाप. पोट्टीची वाकळ बाहेरच राहू दे. अनोळखी फोन आला तर हात पिठाचा असला तरी उचल. आणि रात्रंदिवस काय मागून राह्यली आहेस ते एकदा स्वतःच्या कानानं ऐकून घे, दुसऱ्या कोणी सांगायच्या आधी.

आणि ये माय आता. पोट्टीचं बोलावणं येवो न येवो, तिला घेऊन ये. आदिलाबादहून बेल्याची बस धर, पुढं ऑटो भेटतो. लवकर ये, तुरीच्या शेंगा आहेत तोवर ये. निंबाच्या वळणावर उतर, कुत्र्याला भिऊ नको, आणि फाटकाशी उभी राहून हाक मार. तीनदा ओरडत बसायचं काम नाही. एकदाच मार. मी दारातच असते.